केडगावच्या पंडिता रमाबाई

आमच्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा प्रत्येक सभासद भगिनीने एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले. कोणी जिजाऊसाहेब घेतल्या, कोणी अहिल्यादेवी, कोणी सावित्रीबाई. मी सातवी शिकलेली बाई. माझे लिहिणे म्हणजे किराण्याची यादी आणि मुलांच्या शाळेचे अर्ज. तरी मनाचा हिय्या करून मी पंडिता रमाबाईंचे नाव सांगितले. बैठकीत जरा कुजबुज झाली. एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले की, त्या तर ख्रिस्ती झाल्या होत्या, त्यांचे आपल्याला काय? मला तेव्हा उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर, भाकरी थापताना सुचले. तेच येथे लिहिते. चुकले माकले तर भगिनींनी पदरात घ्यावे.

माझे माहेर शिरूर तालुक्यातले आणि सासर दौंडचे. लग्नानंतर पहिल्या सणाला माहेरी निघाले, तेव्हा सासूबाई मला पोचवायला आल्या होत्या. दौंडहून गाडीने केडगाव स्टेशनवर उतरायचे, चौफुल्याला यायचे आणि तेथून न्हावऱ्यावरून शिरूरची एस. टी. धरायची, असा आमचा रस्ता. केडगावला उतरल्यावर सासूबाईंनी बोट करून मला सांगितले की, इथे रमाबाईंची मुक्ती आहे, ज्या बाईला कोणी नाही तिला तिथे दार उघडे असते. मी नवी नवरी. मला वाटले, रमाबाई म्हणून कोणी बाई अजून तिथे राहत असतील. त्या १९२२ साली वारल्या, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले. पण माणूस जाऊन इतकी वर्षे झाल्यावरही लोक त्याच्या घराला त्याच्याच नावाने ओळखतात, ही काही लहान गोष्ट नव्हे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव अनंतशास्त्री डोंगरे आणि आईचे लक्ष्मीबाई. अनंतशास्त्री पेशवाईच्या अखेरीस पुण्यात संस्कृत शिकत होते. त्यांच्या गुरूंकडे दुसऱ्या बाजीरावांच्या घरातील एक बाई संस्कृत शिकत असे. तिच्या तोंडचे शुद्ध संस्कृत ऐकून या तरुणाच्या मनाने घेतले की, आपल्या बायकोलाही असेच शिकवायचे. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिले नाही. ती वारल्यावर, चाळिशी उलटलेली असताना, गोदावरीच्या काठी एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. त्याच या लक्ष्मीबाई. अनंतशास्त्र्यांनी त्यांना शिकवायला आरंभ केला, तेव्हा गावच्या लोकांनी गहजब केला. बाईला देवभाषा शिकविणे हे पाप, असे तेव्हाचे लोक धरून चालत. मग हे जोडपे गंगामूळ नावाच्या सह्याद्रीतल्या रानात जाऊन राहिले. आता तो भाग कर्नाटकात आहे. तेथेच रमाबाई जन्मल्या.

भगिनींनो, शिकण्यासाठी माणसे शहरात जातात हे आपण ऐकले आहे. शिकविण्यासाठी रानात जाऊन राहावे लागले, असे मी या एकाच घरचे ऐकले.

रमाबाई सहा महिन्यांच्या असतील नसतील, तोच घर मोडले. अतिथींचा राबता मोठा आणि मिळकत थोडी, त्यात कर्ज झाले. सर्व कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळाच्या ओवरीत बसायचे, पुराण सांगायचे, लोक जे देतील त्यावर पोट भरायचे, असा त्यांचा क्रम होता. आई पहाटे उठून मुलीला जवळ घेई आणि श्लोक शिकवी. पाटी नाही, शाळा नाही. आईच्या तोंडून लेकीच्या कानात अशी विद्या गेली. पंधरा-सोळा वर्षांच्या होईपर्यंत रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक पाठ झाले होते. अनंतशास्त्र्यांनी थोरल्या मुलीचे, कृष्णाबाईंचे, लग्न लहानपणी करून दिले होते आणि ते फसले. म्हणून रमाबाईंच्या लग्नाची त्यांनी घाई केली नाही. सारी जात बोलत होती, तरी केली नाही.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमाराचे ते दिवस. मागायची सवय नाही, अंगमेहनतीचे काम ठाऊक नाही, आणि पुराण ऐकायला उपाशी लोक कोठून येणार? होते नव्हते ते विकून झाले. रानातली पाने खाऊन दिवस काढले. आंधळे झालेले वडील आधी गेले, मागोमाग आई गेली. आईला स्मशानात न्यायला चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या रमाबाई. त्या ठेंगण्या होत्या. तिरडी खांद्यावर घेतली तर ती एका बाजूने कलत होती. म्हणून त्यांनी आपल्या बाजूची तिरडी डोक्यावर घेतली आणि तीन मैल चालल्या. सोळा वर्षांची पोर. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले आणि बराच वेळ काही केले नाही. पुढे बहीणही पटकीने गेली.

आपल्या भागातल्या भगिनींना दुष्काळ काय असतो हे सांगायला नको. हा मुलूख अवर्षणाचा. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते, आणि सारा रोख पैशात भरावा लागे. पीक असो नसो, हप्ता चुकत नसे. शेतकरी सावकाराकडे जाई, अंगठा उठवी आणि जमीन घालवून बसे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे काही वर्षे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. ते युद्ध १८६५ साली संपले आणि भाव पडला. कर्ज मात्र वाढतच गेले. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात आणि पाठोपाठ शिरूर, भीमथडी या तालुक्यांतील गावोगावी लोकांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. आजच्या दौंड तालुक्याचा भाग पूर्वी भीमथडीत मोडत असे. पुढच्याच वर्षी, १८७६ साली, मोठा दुष्काळ पडला. रमाबाई दूर दक्षिणेत उपाशी होत्या, त्याच काळात आपले पूर्वज येथे होरपळत होते. एकाच राज्याखालचे हे दुःख होते.

भाऊ-बहीण दोघेच उरले. हजारो मैल पायी हिंडत ते १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तेथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची संस्कृतात परीक्षा घेतली आणि थक्क झाले. पंडिता आणि सरस्वती अशा दोन पदव्या त्यांनी तिला दिल्या. ज्या विद्येसाठी आईबापांना गाव सोडावे लागले, त्याच विद्येसाठी लेकीचा भरसभेत सत्कार झाला. पाहायला मात्र आईबाप नव्हते.

१८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी जूनमध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते ब्राह्मण नव्हते. त्या दिवसांत हे केवढे धाडस होते! एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने नवरा गेला. संसाराला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. तेवीस वर्षांची बाई, कडेवर दहा महिन्यांची पोर, आणि जगात कोणी नाही.

अशा वेळी बाई काय करते? तोंड लपविते. रमाबाई पुण्याला आल्या. तेथे त्यांनी १८८२ साली आर्य महिला समाज काढला. आज आपण जे महिला मंडळ चालवितो, त्याचे मूळ शोधत गेले तर या समाजापाशी पोचते, असे मला वाटते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे त्या वेळी तरुण होत्या, त्याही या सभांना जात. त्याच वर्षी स्त्रीधर्मनीती हे पुस्तक त्यांनी लिहिले. त्याच साली सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींना शिकवायला स्त्री-शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला स्त्री-डॉक्टर हव्यात, असे त्यांनी साहेबांना सांगितले. संकोचामुळे किती बायका औषधाविना मरतात, हे आपल्याला आजही ठाऊक आहे. ते बोलून दाखविणारी ही बाई पहिल्या काहींपैकी एक.

डॉक्टर होण्याची इच्छा त्यांनाही होती. पुस्तकाच्या विक्रीतून जहाजाचे भाडे उभे करून, लहान मुलीला घेऊन त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज गावी जोगिणींच्या मठात राहिल्या. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्मघात केला. परक्या देशात तो केवढा धक्का बसला असेल! त्याच सालच्या सप्टेंबरात रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. दरम्यान रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागले, म्हणून डॉक्टरकी राहिली. मग त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या.

आता त्या वडीलधाऱ्या बाईंच्या प्रश्नाकडे येते. रमाबाईंनी धर्म बदलला ही गोष्ट खरी. पुण्यातल्या लोकांना, त्यांना मदत करणाऱ्यांनासुद्धा, त्याचे फार वाईट वाटले. ते वाटणेही खोटे नव्हते. राज्य इंग्रजांचे, धर्मही त्यांचाच, म्हणून आपली एवढी विदुषी बाई त्यांच्याकडे गेली, असे लोकांना वाटले. पण मी वाचत गेले तसे दिसले की, ही बाई तिकडे जाऊनही कोणाच्या मुठीत गेली नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, तर त्यांनी मला ती कळत नाहीत, संस्कृत अक्षरे हवीत, असे सांगितले. मांसाला शिवल्या नाहीत, अंडे घातलेला पदार्थही खाल्ला नाही. त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असे काही पाद्रीसाहेबांचे मत पडले, तेव्हा त्यांनी त्यांच्याशी लेखी वाद घातला. सांगतील ते मुकाट्याने मानणार नाही, माझे मन मी कोणाला विकलेले नाही, अशीच त्यांची भूमिका राहिली. घरी शास्त्र्यांनी त्यांना हट्टी म्हटले आणि तिकडे जोगिणींनीही हट्टीच म्हटले.

१८८६ साली आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी यांना अमेरिकेत फिलाडेल्फियाला पदवी मिळाली. त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून गेल्या. दोन मराठी बायका, दोघी लुगडे नेसलेल्या, सातासमुद्रापलीकडे एकमेकींना भेटल्या. आनंदीबाई पुढच्याच वर्षी पुण्याला येऊन वारल्या. रमाबाई अमेरिकेत राहिल्या, गावोगाव व्याख्याने दिली, आणि १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यात बालविधवांचे हाल मांडले. ते वाचून तिकडच्या लोकांनी बोस्टनला एक मंडळ स्थापन केले आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसे देण्याचे कबूल केले.

येथे थोडे विषयांतर करते. माझी भाची आखाती देशात परिचारिका आहे. तिच्याबरोबर फिलिपाइन्स देशातल्या मुली काम करतात. त्यांच्या देशावर तीनशेहून अधिक वर्षे स्पेनचे राज्य होते. त्यांचा होझे रिझाल नावाचा एक वीर होता. त्याने १८८७ सालीच, म्हणजे रमाबाईंचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, परदेशात राहून एक कादंबरी छापली आणि राज्यकर्त्यांचा व मठवाल्यांचा जुलूम जगापुढे आणला. ३० डिसेंबर १८९६ रोजी त्याला गोळ्या घालून मारले. पुढे १८९८ साली अमेरिकेने स्पेनशी युद्ध केले आणि तो देश स्वतःच्या ताब्यात घेतला. ज्या अमेरिकेतल्या साध्या बायाबापड्यांनी आपल्या विधवांसाठी पैसे दिले, त्याच अमेरिकेच्या सरकारने दुसऱ्यांचा देश घेतला. म्हणून राज्य निराळे आणि माणसे निराळी, हे ध्यानात ठेवले पाहिजे. रमाबाईंनी ते ओळखले होते. मदत घेतली, पण ताबेदारी घेतली नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईला चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. आरंभी विद्यार्थिनी दोनच. त्यांतली गोदूबाई ही बालविधवा. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला, त्याच आनंदीबाई कर्वे. महर्षी कर्व्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कामाचा एक धागा असा रमाबाईंच्या घरातून निघाला आहे. त्याच १८८९ च्या डिसेंबरात मुंबईला राष्ट्रीय सभा भरली, तेव्हा स्त्री-प्रतिनिधींमध्ये रमाबाई होत्या. विधवांचे केस काढण्याच्या चालीविरुद्ध त्या सामाजिक परिषदेत बोलल्या.

पुढल्या वर्षी शारदा सदन पुण्याला आले. येथे धर्म शिकवायचा नाही, ज्या मुलीचा जो आचार असेल तो तिने पाळावा, असे ठरले होते. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार बंद करीत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ साली गदारोळ उठला. केसरीने कडक लिहिले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाजूला झाले. पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे होते, असे मला वाटते. पालकांचा विश्वास हीही मोठी वस्तू आहे, आणि स्वतःच्या खोलीतली प्रार्थना हीही. पण ज्या मुली काढून नेल्या, त्यांचे पुढे काय झाले? त्या पुन्हा त्याच अंधाऱ्या माजघरात गेल्या असतील. त्यांना कोणी विचारले असेल, असे वाटत नाही.

शाळा आपल्या पायावर उभी राहावी म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. विहिरी खणल्या, फळझाडे लावली. हे शेतच पुढे हजारो जिवांचा आसरा झाले. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंना आपले लहानपण आठवले. त्या उठल्या आणि तिकडे गेल्या. सरकारी छावण्यांत, रस्त्यांवर, झाडांखाली मुली मरत पडल्या होत्या, आणि त्यांना पळवून नेऊन विकणारेही टपले होते. रमाबाईंनी सुमारे तीनशे बायका-मुली आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, इतकी माणसे शहरात ठेवायला मनाई झाली. म्हणून त्यांना केडगावच्या रानात आणले. झोपड्या बांधल्या, चुली मांडल्या. मुक्ती सदनाचा आरंभ असा झाला.

प्लेगचीही हकिकत सांगितली पाहिजे. १८९७ साली रँडसाहेबांच्या हाताखाली गोरे शिपाई पुण्यात घरोघर शिरत आणि माणसांना ओढून इस्पितळात नेत. रमाबाईंच्या आश्रमातील एक मुलगीही प्लेगच्या इस्पितळात गेली आणि परत आली नाही. तेथल्या पहारेकऱ्याने तिला ठेवून घेतले, असे कळल्यावर रमाबाईंनी इंग्रजी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले. तेथे तरुण मुलींची अब्रू सुरक्षित नाही, असे त्यांनी लिहिले. गव्हर्नरसाहेबांनी ते चुकीचे ठरविले, तरी त्या मागे सरल्या नाहीत. त्याच वर्षी रँडचा खून झाला, आणि टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. ज्या केसरीने रमाबाईंवर टीका केली त्याचे संपादक तुरुंगात होते, आणि ज्या रमाबाईंना लोक साहेबाच्या बाजूच्या म्हणत त्या साहेबालाच जाब विचारीत होत्या. एका हरवलेल्या मुलीसाठी त्यांनी सरकारचा रोष पत्करला. ती मुलगी कोणाची होती? कोणाचीच नव्हती. म्हणून त्यांची.

१९०० साली गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा आणखी मुली आणल्या. मुक्तीत एकोणीसशेच्या आसपास माणसे झाली. आपल्या घरी चार पाहुणे आले तर आपली धांदल उडते. येथे रोज एवढ्या जणींचे दळण, एवढ्यांची भाकरी! कितीतरी भाषा बोलणाऱ्या, कोणी रोगी, कोणी पाच वर्षांची. रमाबाईंनी प्रत्येकीच्या हाताला काम दिले. शेत, गोठा, माग, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना हे सर्व बायकाच चालवीत. खिळे जुळविणाऱ्या बायका, छापणाऱ्याही बायकाच. फसविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. मनोरमाबाई अमेरिकेत शिकून आल्या, आंधळ्यांची ब्रेल लिपी शिकल्या आणि आंधळ्या मुलींना शिकवू लागल्या. डोळे नसलेल्या मुली बोटांनी वाचू लागल्या.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी बायबलचे मराठीत भाषांतर करायला घेतले. खेड्यातल्या बाईला कळेल अशी सोपी मराठी हवी, म्हणून इंग्रजीवरून न करता त्या वयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून केले. आपला धर्म निराळा असला, तरी एवढ्या कष्टांपुढे मान लवते. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई चाळिसाव्या वर्षी वारल्या. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा यांना पोचविलेल्या बाईने शेवटी लेकीलाही पोचविले. भाषांतराचे काम मात्र सोडले नाही. ते संपविले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांनी डोळे मिटले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

आता माझे उत्तर. माझी धाकटी जाऊ बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली. दोन लेकरे आहेत. शिवणकाम करून संसार ओढते. मागच्या संक्रांतीला मंडळाचे हळदीकुंकू आमच्या घरी होते. तिळगुळाचे लाडू तिनेच वळले, चहाही तिनेच केला. बायका आल्या तेव्हा ती स्वयंपाकघरात कपबशा विसळीत राहिली. कोणी तिला तसे सांगितले नव्हते. मीही बाहेर ये म्हणून हाक मारली नाही. हळद लावताना माझा हात थरथरला, पण मी उठले नाही. ही चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नव्हे. त्या रात्री मला सासूबाईंनी केडगावला बोट करून दाखविलेले दार आठवले.

रमाबाई कोणत्या धर्मात गेल्या, हा प्रश्न आपण शंभर वर्षांहून अधिक काळ विचारीत आहोत. त्या गेल्या तेव्हा आपले दार बंद होते की उघडे, हा प्रश्न मात्र आपण विचारीत नाही. आपण आपल्या बायकांना माजघरात बसवायचे आणि दुसऱ्या कोणी त्यांना बाहेर काढले तर रागवायचे, हा न्याय नव्हे. रमाबाईंचा धर्म आपण घ्यावा, असे मी म्हणत नाही. आपला आपल्याला प्रिय आहेच. पण त्यांचे उघडे दार घ्यायला कोणता धर्म आड येतो?

म्हणून माझी मंडळाला एक नम्र विनंती आहे. येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाचे बोलावणे गावातल्या सर्व बायकांना जावे. कुंकू कोणी लावावे, कोणी लावू नये, हे जिचे तिने ठरवावे. पण तिळगूळ आणि वाण सर्वांना मिळावे, आणि सर्वांनी एकाच सतरंजीवर बसावे. हे ठरेल की नाही, ठाऊक नाही. माझ्या घरी मात्र या वर्षी जाऊबाई सतरंजीवर माझ्या शेजारी बसतील आणि कपबशा मी विसळीन.

— मंडळाची एक सभासद भगिनी, दौंड